काठ धरायचा असतो, नुसता बघायचा नसतो

साडीचा काठ बघायचा असतो आणि पातेल्याचा काठ धरायचा. हा फरक कुठल्याही घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. काठ नसलेलं पातेलं कितीही गुळगुळीत आणि 'मिनिमल' दिसलं तरी दूध उतू जायला लागल्यावर सांडशी लावायची कुठे, हा प्रश्न उरतोच. लिनक्सच्या डेस्कटॉपवर मात्र विंडोच्या काठाला साडीचा काठ समजण्याची जुनी खोड आहे. बॉर्डर जितकी बारीक तितकी विंडो देखणी, आणि ती हाताला लागली नाही तर चूक हाताची! आज या खोडीबद्दल जरा भांडायचंय.

ज्यांनी हा प्रकार अनुभवला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक्सएफसीई नावाचा एक डेस्कटॉप आहे. हलका, शांत, दहा-बारा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवरही फारशी कुरकुर न करता चालणारा. त्यावर एखादी पातळ बॉर्डरची थीम लावा (देखण्या म्हणवणाऱ्या थीम सहसा पातळच असतात) आणि दोन विंडो शेजारी-शेजारी बसवून बघा. माउस हळूहळू विंडोच्या कडेला न्यायचा. बाणाचा आकार क्षणभर बदलतो, म्हणजे कड सापडली. आपण बटण दाबतो, आणि त्या दाबण्याच्या झटक्यानेच पॉइंटर एखादा पिक्सेल पुढे सरकलेला असतो. क्लिक पडतं मागच्या विंडोवर. मागची विंडो पुढे येते आणि आपली तिच्यामागे गडप! आता आधी ती शोधा, पुढे आणा, परत कड हुडका... यापेक्षा सुईत दोरा ओवणं सोपं. निदान सुई मागे जाऊन लपत नाही.

असं का होतं? एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरमध्ये बॉर्डर म्हणजे थीममधली छोटी-छोटी चित्रं. डाव्या कडेचं एक, उजव्या कडेचं एक, खालच्या कोपऱ्यांची वेगळी. त्या चित्राची जाडी जेवढी, तेवढीच माउसने पकडायची जागा. थीम बनवणाऱ्याने देखणेपणासाठी ती एक पिक्सेल ठेवली, की पकडही एक पिक्सेल. घोडं पेंड खातं ते इथेच. दिसणं आणि धरणं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच चित्राला बांधल्यात, आणि ते चित्र काढणारा माणूस फक्त दिसण्याचा विचार करतोय.

एक पिक्सेल म्हणजे किती, तेही मोजून बघू. १३६६ बाय ७६८ चा, १४ इंची लॅपटॉप घ्या. जुन्या मशीनवर हाच स्क्रीन फार दिसतो. त्यावर एक पिक्सेल साधारण ०.२३ मिलिमीटर. १५.६ इंची फोर-के स्क्रीनवर स्केलिंग न करता बसलात तर तोच पिक्सेल ०.०९ मिलिमीटर. म्हणजे माणसाच्या केसाएवढा. केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार आपल्याकडे आहे, पण केस धरून खिडकी ओढायची कल्पना अजून कोणाला सुचली नव्हती.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये माणसांच्या हातात टोकदार कांडी देऊन दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीने टकटक करायला लावलं होतं. पट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यातलं अंतर बदलत गेलं की हाताला किती वेळ लागतो, हे मोजलं. त्यातून आलेला नियम आज इंटरफेस डिझाइनच्या पहिल्या धड्यात शिकवतात. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं बारीक, तितका वेळ जास्त. त्याच्या सूत्रात अंतराच्या दुपटीला रुंदीने भागायचं आणि २ च्या पायातला लॉगरिदम घ्यायचा. पॉइंटर ५१२ पिक्सेल लांब असेल आणि बॉर्डर १ पिक्सेलची, तर अवघडपणा येतो १० बिट. बॉर्डर ८ पिक्सेलची केली की तोच ७ बिटांवर उतरतो. काम तेच, हात तोच. आता कोणी म्हणेल, कड तर वरपासून खालपर्यंत लांबलचक असते, मग बारीक कशी? अहो, पण आपण तिच्याकडे आडवे येतो ना! ज्या दिशेने हात चाललाय त्याच दिशेला ती एका पिक्सेलची आहे. आणि कोपरा पकडायचा तर दोन्ही दिशांनी नेम साधायचा.

यातली गंमत अशी की एक्सएफसीईचं घराणं जाड काठाचं. ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा डोळ्यासमोर होता सीडीई, म्हणजे त्या काळच्या व्यावसायिक युनिक्स मशीनवरचा डेस्कटॉप. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना त्याच्या विंडो आठवत असतील. दिसायला ओबडधोबड, पण चारी बाजूंनी भरभक्कम चौकट आणि कोपऱ्यांचे तुकडे वेगळे दाखवलेले. 'इथे धरा' असं जणू लिहूनच ठेवलेलं. त्या ओबडधोबड पूर्वजाला जे कळलं होतं ते नंतरच्या देखण्या थीमनी पुसून टाकलं.

बरं, तांत्रिक अडचण असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण तीही नाही. एक्स११ हा प्रोटोकॉल १९८७ सालचा. त्याच्या गाभ्यातच 'इनपुट-ओन्ली' नावाचा विंडोचा प्रकार आहे. ही विंडो स्क्रीनवर काहीच रंगवत नाही, फक्त माउस आणि कीबोर्डच्या घटना ऐकते. म्हणजे दिसणारी बॉर्डर एक पिक्सेलची ठेवून तिच्याभोवती न दिसणारी आठ-दहा पिक्सेलची पकड ठेवायची सोय लिनक्सच्या जन्माआधीपासून आहे.

आणि इतरांनी हे करूनही दाखवलंय. ग्नोम ३ आलं २०११ मध्ये. त्या मालिकेत त्याच्या विंडो मॅनेजरने बॉर्डरभोवती न दिसणारी पकड दिली, १० पिक्सेलची, आणि तो आकडा सेटिंगमधून बदलता यायचा. विंडोज १० आलं २०१५ मध्ये. तिथे डोळ्यांना दिसते जेमतेम एक पिक्सेलची रेघ, पण माउसला सापडतो तिच्याबाहेरचा सात-एक पिक्सेलचा अदृश्य पट्टा. बहुतेकांना तो असल्याचं कधी कळलंही नाही. मॅकवर तर २०११ मधल्या लायन आवृत्तीपर्यंत विंडोचा फक्त उजवा खालचा कोपराच ओढता यायचा. चारातला एकच कोपरा म्हणजे कंजूषपणाच तो. पण त्या एका कोपऱ्यावर तिरक्या रेघा मारलेल्या असायच्या आणि बोट ठेवायला जागा असायची. एकच मूठ दिली, पण मूठ दिली!

आता प्रतिवाद. हे मला पाठ आहेत, कारण हा वाद जुना आहे. उबुंटूच्या लाँचपॅडवर, विंडोच्या कडा पकडून रिसाईझ करणं कठीण जातं अशी १६०३११ क्रमांकाची तक्रार २००७ मध्येच नोंदवली गेली होती. तेव्हापासून उत्तरांचा साचा फारसा बदललेला नाही.

पहिलं उत्तर: "कड पकडायचीच कशाला? ऑल्ट दाबून धरा आणि विंडोत कुठेही राइट-क्लिक करून ओढा." मान्य, ही सोय झकास आहे. सवय झाली की दुसरीकडे कुठे करमत नाही. पण ती माहीत कोणाला? स्क्रीनवर तिचा मागमूस कुठेही नाही. जी गोष्ट दिसत नाही, कुठे लिहिलेली नाही, कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही, ती सोय म्हणजे गुरुमंत्र झाला. शिवाय सगळ्यांना ती वापरता येतेच असंही नाही. स्वतंत्र बटणं नसलेल्या टचपॅडवर एका हाताने ऑल्ट धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी दाबून ओढून बघा, मग बोलू. टचस्क्रीनवर तर ऑल्टही नाही आणि उजवं बटणही. गिंपमध्ये आणि ब्लेंडरमध्ये ऑल्ट आणि क्लिकची स्वतःची कामं आहेत, तिथे विंडो मॅनेजर मध्येच हात घालतो. ती की बदलता येते म्हणा, सेटिंग्जमधल्या 'ट्वीक्स'च्या आत जाऊन. म्हणजे एका गुरुमंत्रासाठी दुसरा गुरुमंत्र. ऑल्ट-एफ८ चंही तेच. जिना आहे म्हणून कोणी दाराची कडी काढून ठेवत नाही.

दुसरं उत्तर: "मग जाड बॉर्डरची थीम लावा." आजार रेड्याला आणि औषध पखालीला! ज्याला विंडो ओढायचीय त्याने आपली रंगसंगती, बटणं, टायटलबारचा फॉण्ट सगळं बदलायचं, का, तर पकड थीमला चिकटवून ठेवलीय म्हणून. झुबंटूच्या ग्रेबर्ड थीमबरोबर रुंद कडांची एक वेगळी आवृत्ती मिळते, आणि तिचं नाव काय, तर 'अॅक्सेसिबिलिटी'. ज्यांनी ती बनवली त्यांचे आभारच मानायला हवेत. पण त्या नावातून काय ध्वनित होतं ते बघा. साध्या, धडधाकट हाताला विंडो पकडता यावी ही विशेष गरज ठरली, आणि केसाएवढी कड हे झालं नॉर्मल! काही जण तर थीममधली एक्सपीएम चित्रं टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून त्यात हाताने पिक्सेल वाढवतात. (एक्सपीएम ही मुळात मजकुराचीच फाइल असल्याने ते जमतं.) हे वाचून आपल्यासारख्यांना कौतुक वाटतं. वास्तविक लाज वाटायला हवी.

तिसरं उत्तर सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. "अदृश्य पकड बाहेर वाढवली की ती शेजारच्या विंडोवर चढते. तिथे क्लिक केलं तर भलतीच विंडो रिसाईझ होते. आत वाढवली तर स्क्रोलबारवर चढते." खरंय. फुकटात काहीच मिळत नाही. पण हा हिशोब आहे, आणि हिशोब करायचा असतो, दोन्ही बाजू मांडून. एका पारड्यात, शेजारच्या विंडोच्या अगदी काठावरचे सात-आठ पिक्सेल, जिथे सहसा कोणी क्लिक करत नाही. दुसऱ्या पारड्यात, रोज दहादा करायची मूळ क्रिया. विंडोज आणि ग्नोम ही तडजोड करून वर्षानुवर्षं जगतायत, कोणाचं आभाळ कोसळलं नाही. आणि ज्याला ते सात-आठ पिक्सेल खरोखरच हवे असतील त्याच्यासाठी आकडा शून्य करायची सेटिंग द्या की! जाणकाराने सेटिंगमध्ये जावं आणि नवख्याचं आपोआप चालावं. इथे नेमकं उलटं आहे. जाणकाराचं आपोआप चालतं आणि नवख्याला सेटिंगमध्ये धाडलं जातं.

चौथं उत्तर नेहमीचं. "फुकट मिळतंय ना, मग तक्रार कसली?" अन्नछत्रात जेवून मिरपूड मागू नये, हे मलाही कळतं. एक्सएफसीईसारखे प्रकल्प थोडे लोक, बरेचसे फावल्या वेळात, प्रेमाने चालवतात. त्यांचं ऋण आहेच. पण मंडळी, इथे मिरपूड कोण मागतंय? ताटाला कड मागतोय. आमटी सांडू नये एवढीच अपेक्षा आहे. आणि "पॅच लिहा" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की कोडच्या ओळी ही यातली सोपी बाजू. कठीण आहे ते 'डिफॉल्ट काय असावं' यावर एकमत. पकड दिसण्यापासून वेगळी असायला हवी हे तत्त्वच मान्य नसेल तर पॅच कोणत्या दारातून आत जाणार?

इतकं तावातावाने लिहायचं कारण फक्त चिडचिड नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. चांगली चालती मशीन्स, ज्यांचं हार्डवेअर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, ती घरोघरी पडून आहेत. आपल्यासारखे लोक अशा वेळी काय सल्ला देतात? "लिनक्स टाक. जुनं मशीन आहे ना, मग एक्सएफसीई बरं." लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, झुबंटू, एमएक्स लिनक्स, ही नावं आपण अगदी सहज सुचवतो. म्हणजे हा डेस्कटॉप ज्यांच्या हाती जाणार ते आपल्यासारखे नाहीत. ते निवृत्त वडील आहेत, शाळेतली मुलं आहेत, एका जुन्या कॉम्प्युटरवर दुकानाचा हिशोब ठेवणारे काका आहेत. आणि हे सगळे येतायत विंडोज १० वरून. त्यांच्या हाताला त्या अदृश्य पट्ट्याची सवय आहे. डोळ्यांना बारीक रेघ दिसली की तिच्या आसपास कुठेही माउस नेला तरी चालतं, हे त्यांचा हात शिकलाय. लिनक्सवर दिसणारी रेघ तीच, पण भोवतालची पकड नाही.

मग काय होतं, कल्पना करा. वडिलांना बँकेचं स्टेटमेंट एका बाजूला आणि स्प्रेडशीट दुसऱ्या बाजूला ठेवायचंय. चष्मा सावरून, श्वास रोखून ते तीनदा प्रयत्न करतात. तीनदा मागची विंडो पुढे येते. ते बग रिपोर्ट लिहिणार आहेत का? छे. ते "थीममध्ये पकडीची रुंदी अपुरी आहे" असं म्हणणार आहेत का? तेही नाही. ते म्हणणार, "जाऊ दे रे, माझा हात आता थरथरतो" किंवा "आम्हाला नाही जमत बाबा हे तुमचं नवीन." आणि ते मशीन बंद करून ठेवून देतील.

माझा खरा राग इथे आहे. प्रोग्राम कोसळला तर माणूस प्रोग्रामला शिव्या घालतो. फाइल उडाली तर बोंब मारतो. पण नेम चुकला तर तो स्वतःला दोष देतो. त्यामुळे या चुकीची खरी मोजदाद कधी होतच नाही. ज्यांना त्रास होतो ते गप्प बसतात, जे बोलतात त्यांना ऑल्टचा मंत्र मिळतो आणि ते समाधानाने पुढे जातात, आणि कालांतराने तेच पुढच्याला मंत्र देऊ लागतात. आपल्या ऑफिसातलं 'वर्कअराउंड उपलब्ध, प्रायॉरिटी लो' याचाच भाऊ. वर्कअराउंड ज्याला माहीत आहे त्याच्या लेखी प्रश्न सुटलेला असतो, आणि प्रायॉरिटीही तोच ठरवत असतो.

पुढचं चित्र तर अजून विस्कळीत होण्याची चिन्हं आहेत. एक्स११ ची जागा वेलँड घेतंय. एक्सएफसीईच्या डिसेंबर २०२४ मधल्या ४.२० आवृत्तीत त्याचा प्रायोगिक पाठिंबा आला. वेलँडमध्ये विंडोची चौकट कोणी रंगवायची हे सगळीकडे सारखं नाही. ग्नोमने तर ते काम त्या-त्या अॅप्लिकेशनवरच सोपवलंय. चौकट ज्याची, त्याने ठरवायचं की कडेपासून किती अंतरावर रिसाईझ सुरू होणार. म्हणजे पूर्वी निदान एक थीम बदलून भागत होतं, उद्या प्रत्येक अॅपची कड वेगळी लागू शकेल. नवी घरं बांधली जात असताना दारांच्या कड्या कुठे बसवायच्या हे आत्ताच बोललं नाही, तर पुढची वीस वर्षं परत हेच भांडण.

मागणी फार मोठी नाही. पकडीची रुंदी थीमच्या चित्रापासून सोडवा. ती पिक्सेलमध्ये नको, मिलिमीटरमध्ये ठरवा, म्हणजे फोर-के स्क्रीनवर ती आपोआप वाढेल. दोन मिलिमीटर म्हणजे काही डोक्यावरून पाणी नाही. डिफॉल्ट नवख्याच्या बाजूने ठेवा आणि शून्याचा पर्याय जाणकाराला द्या. ऑल्टची सोय राहू द्या, पण प्रश्नाचं उत्तर म्हणून ती तोंडावर फेकू नका. थीम बनवत असाल तर एकदा टचपॅडवर, दुसऱ्या कोणाच्या तरी हातून, विंडो ओढून बघा. आणि या शनिवार-रविवारी कोणाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देणार असाल, तर वॉलपेपर बदलण्याआधी विंडो मॅनेजरच्या सेटिंगमध्ये जाऊन जाड कडेची थीम लावून द्या. दिसायला थोडी गावठी वाटेल. वाटू दे.

बॉर्डर दिसू नये असं वाटत असेल तर खुशाल दिसू नये, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती हाताला लागलीच पाहिजे.